टपालाच्या क्रमानं

माझा पहिला कॉम्प्युटर मी माझ्याच हातानं मारला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विजेला नाहीतर माझ्या नशिबाला बोल लावायला नको.

नांदेडात तेव्हा गल्लोगल्ली क्लासेस उगवून राहिले होते. लातूरची पोरं बोर्डात चमकतात म्हणल्यावर आपली का नाही, असं इथल्या प्रत्येक बापाला वाटायला लागलं होतं. ज्याला फळ्यावर चार गणितं सोडवता येतात तो 'सर' झाला होता. या सगळ्या सरांचे सराव पेपर टाइप करायचं काम माझ्याकडं होतं. भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि मागच्या खोलीत आबांची खाट.

आबा म्हणजे माझे वडील. लातूरच्या भूकंपात जे गाव गेलं त्या गावचे पोस्टमन. त्या पहाटे आई गेली, धाकटा भाऊ गेला. आबा शेतातल्या आखाड्यावर, गुरांपाशी झोपले होते म्हणून वाचले, आणि मी बारावीच्या शिकवणीसाठी लातूरच्या होस्टेलवर होते म्हणून वाचले. ज्या शिकवणीला जायला नको म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते, तिनंच मला वाचवलं. याचा आनंद कसा करायचा ते मला अजून कळलेलं नाही.

पुढं नवं गाव वसलं. घरं सरळ रांगांत, नंबरानं मिळाली. सरकारी यादीत मेलेली माणसं होती, पण कोण कुणाच्या शेजारी राहत होतं ते कुठंच नव्हतं. आबा लई भडकले. "घर नंबर सत्तावन्न म्हणं! आरं, नंबराला कोण पत्र लिहितं?" मग ते जुन्या गावाची यादी सांगायला बसले आणि मी टाइप करायला. ते मनातल्या मनात टपाल वाटत निघायचे. वेशीतून आत, डाव्या हाताला शिंप्याचं घर, माणसं किती, गेली किती, मग पुढचं घर. मधेच मी काही विचारलं की सगळं बिनसायचं. "आता परत वेशीपासून निघावं लागंल," म्हणायचे, आणि खरंच परत निघायचे. माझ्या तोंडाला फेस आला, पण चार-पाच महिन्यांत सगळं गाव उतरलं. छापू का म्हणलं तर म्हणाले, एकदा नीट तपासू, मग छाप.

ते तपासणं राहिलं. आबांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि डोक्यातलंही काही काही जायला लागलं. यादी मात्र ध्यानात होती. रोज चहा पिताना विचारायचे, "यादी हाय ना?"

"हाय आबा. कॉम्प्युटरात हाय."

"मग बरं."

यादीची एक नक्कल फ्लॉपीवर होती. एका सरांना पेपर द्यायचे होते, दुसरी फ्लॉपी सापडेना, म्हणून मीच ती पुसून वापरली. नंतर परत करून ठेवू म्हणलं होतं. मेलं ते नंतर!

मग कॉम्प्युटर रेंगाळायला लागला. एक पान उघडायचं तर चहा करून यावा. सर डोक्यावर बसलेले. कुणीतरी सांगितलं, डिफ्रॅगमेंट करा. म्हणजे डिस्कवर एकाच फाइलीचे तुकडे इकडंतिकडं पडलेले असतात, ते उचलून एकापाशी एक लावायचे. भर दुपारी मी ते सुरू केलं. पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करून जागा बदलायला लागले. ते चालू असताना मशीन बंद करायचं नाही, एवढं मला पक्कं माहीत होतं.

त्या दिवसांत नांदेडची जमीन अधूनमधून गुरगुरायची. लोक म्हणायचे काही नाही, पण म्हणता म्हणता घराबाहेर यायचे. चौकोन अर्ध्यावर आले असतील, तेवढ्यात पायाखालून घरघर आली. टेबल थरथरलं, मांडणीतले पेले किणकिणले. भूकंपानंतर लातूरच्या होस्टेलात आम्ही एकच गोष्ट अंगात मुरवली होती: आधी विजेचा मेन बंद, मग बाहेर. माझा हात मेनवर कधी गेला ते मला कळलंसुद्धा नाही. यूपीएस होता, पण नावाला. त्याची बॅटरी कधीच मेली होती. आबांना काखेत धरून मी रस्त्यावर आले तेव्हा अख्खी गल्ली बाहेर उभी होती.

"हादरा होता का हो?"

"न्हाई न्हाई, पलीकडं बोअरची गाडी लागली."

ते काय होतं, ते आजतागायत ठरलेलं नाही. मी घरात येऊन मेन चालू केला. काळा पडदा, त्यावर इंग्रजीतली एक पांढरी ओळ: सिस्टीम सापडत नाही. दहा वेळा बंद-चालू केलं. तीच ओळ. आतून आबांचा आवाज आला, "यादी हाय ना?"

"हाय," मी म्हणलं. बापाशी मी इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते.

ओळखीचे एक चाचा होते. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर. ते येईपर्यंत परत विंडोज टाकून बघावं असं माझ्या मनात होतं. हे ऐकून चाचा ओरडलेच. "हात नका लावू ताई! त्याच्यावर आता काही लिहिलं की खालचं गेलं." त्यांनी डिस्क काढली आणि दुकानातल्या दुसऱ्या मशीनला जोडली. मग ती फिरायला लागल्यावर कान लावून ऐकलं. "आवाज साफ हाय. जिवंत हाय." दोन दिवस ते एकेक तुकडा वर काढत होते. शेकडो तुकडे निघाले, नाव नाही, फक्त नंबर. उघडले तर नुसती चिन्हं, जंतर-मंतर केल्यासारखी. मराठीचा फॉन्ट लावला आणि अक्षरं उमटली. मी दुकानात मोठ्यानं रडले, लोक बघत होते तरी.

पण कशाला कशाचा मेळ नव्हता. यादी आणि सरांचे पेपर एकमेकांत घुसले होते. 'शिंप्याचं घर. माणसं सहा, गेली पाच.' आणि लगेच खाली, 'खालीलपैकी अचूक पर्याय निवडा.' आठवडाभर बसून मी तुकडे लावले. सगळं गाव जागेवर आलं, फक्त मारुतीच्या देवळापासूनचा तुकडा सापडला नाही. त्यात आमची आळी होती.

ती मला पाठ होती. मी एकटीनं लिहिली असती. पण आबांकडून वदवून घ्यावी वाटलं. खरं सांगायचं तर यादीपेक्षा आबा किती शिल्लक आहेत तेच मला बघायचं होतं, आणि त्याची भीतीही वाटत होती.

सकाळी उन्हात खुर्ची टाकली. आबा वेशीतून निघाले. बोलणं जड झालेलं, तरी घरामागून घर बरोबर येत होतं. मी कागदावर ताडून बघत होते, एकही चूक नाही! मला इतका आनंद झाला की मिठी मारावी वाटली. देऊळ आलं. देवळामागचं घर आलं. मग ते पुढच्या दारापाशी आले.

"हे माझं घर. माणसं चार," आबा म्हणाले. "बायको गेली. पोरगं गेलं. पोरगी बी गेली. लई हुशार होती."

"आबा, मी हाय की इथं."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. सरकारी माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "तुमी लिहून घ्या, बाई."

मी लिहिलं, गेली तीन. मग पुढचं घर विचारलं.