पत्र्याखालचं बी

पळसदरीच्या गौराबाईंचं भाताचं बी डोळे मिटून पेरावं, असं आळीतली माणसं म्हणायची. बाई तोंडाने फटकळ, पण बियाण्याच्या बाबतीत चोख. पेरणीआधी मूठभर भात ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ उबेला ठेवायच्या आणि मोड आले की शेजाऱ्यांना हाक मारायच्या.

यंदाही झाडून सगळ्या दाण्यांना मोड आले. शेजारचा हिरू त्याच दिवशी गोणी घेऊन गेला. सून विनिता मात्र फडकं निरखत बसली. मोड नेहमीपेक्षा उशिरा आले होते आणि मुळं दोऱ्यासारखी बारीक होती. तिने गुपचूप थोडं बी टोपलीत, बोटभर मातीखाली पुरून बघितलं. वर आली ती थोडीच रोपं, तीही पिवळट. सासूबाई आधी भडकल्या, मग त्यांनी स्वतःच टोपली उकरून बघितली. दाणे रुजले होते, पण माती फोडून वर यायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी मोठ्या हौसेने घराची कौलं काढून पत्रे टाकले. बियाण्याची कणगी मात्र माळ्यावर जिथल्या तिथे राहिली. अख्खा उन्हाळा बी पत्र्याखाली भाजत पडलं. चुलीच्या उबेत कोणीही मोड काढेल हो, शेतातली माती असले लाड थोडीच करते!

हिरू रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून, राब भाजून तयार होता, सकाळी पेरणार होता. रोपं आली नाहीत तर त्याचं वर्ष गेलं. आणि गौराबाईंचं नावही गेलं. आजवर त्यांनी बी दिलं होतं, कुणाच्या दारात मागितलं नव्हतं. जरा दाट पेर, एवढंच सांगावं, कुणाला कळतंय, असं त्यांच्या मनात आलं, नाही असं नाही. पण त्या हिरूच्या अंगणात गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

हिरूला काही पटेना. सुनेचं काय ऐकता, म्हणून त्याने हसण्यावारी नेलं.

"तुमचं बी कवा हुकलंय का, काकी? मी हेच पेरनार."

त्याचा तो विश्वास बघून बाईंना रडूच फुटायचं बाकी होतं. त्यांनी गोणीचं तोंड सोडलं आणि सगळं बी कोंबड्यांपुढे ओतलं.

"वरच्या आळीत जनाच्या घराला अजून कौलं हायत," त्या म्हणाल्या. "चल. मला पन बी मागायचं हाय."