नलूताई आणि डोंगरावरचा चेहरा

निलेशचा फोन आला तेव्हा पहिली शिफ्ट संपवून मी रोह्याला कंपनीच्या गेटाबाहेर चहा घेत होतो. “मामा, आई गेली,” एवढंच तो म्हणाला. मी “बरं” म्हणालो. भाच्याला असं कुणी म्हणतं का? पण तोंडातून तेच आलं. हातात होता म्हणून चहा संपवला आणि पेणला जाणारी गाडी पकडली. कासू स्टेशनात गाडी उगाच थांबून राहिली. बाहेर खाडीकडच्या शेतांत पाणी भरलं होतं, शेजारचा माणूस गाडीला शिव्या देत होता, आणि मला रडू येत नव्हतं… नुसतं दमल्यासारखं वाटत होतं. त्याला आता महिना उलटून गेला. दमणूक तशीच आहे. ती कशाची आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो.

नलूताई माझी थोरली बहीण. लग्न होऊन पेणला रामवाडीत गेली ती थेट गणपतीच्या कारखान्यातच. सासऱ्यांनी आधी दागिने रंगवायला बसवलं, मग सोंडेवरची नक्षी, आणि हात बसला तशी आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं काम. भाऊजी लवकर गेले. त्यानंतर कारखाना आणि निलेश दोन्ही तिनेच वाढवले. आखणी सगळ्यांत शेवटी होते. तोवर त्यांच्याकडे मूर्तीच्या तोंडावर कागद टाकून ठेवतात आणि डोळे झाल्याशिवाय तो चेहरा कुणी पाहायचा नाही, गिऱ्हाइकाने तर नाहीच. एकदा मुंबईच्या एका गृहस्थांनी तो कागद वर केला. ताई हातातला ब्रश न ठेवता म्हणाली, “भाऊ, पोर निजलंय अजून. उठवलंत तर असंच आंधळं घरी न्यायला लागंल.” गृहस्थ इतके वरमले की जाताना त्यांनी मूर्तीलाच हात जोडले.

काही वर्षांपूर्वी मलेशियाला तिला निलेशने पाठवलं, आणि सोबतीला मला. तिथे पेनांग बेटावर डोंगराच्या उतारावर एक अवाढव्य बौद्ध मंदिर आहे, आणि सगळ्यांत वर करुणेच्या देवीची ब्राँझची मूर्ती उभी आहे, चार-पाच मजली घराहून उंच. तिच्याबद्दल एका गिऱ्हाइकाने ताईला सांगितलं होतं. तेव्हापासून तिने एकच घोशा लावला होता. “एवढ्या उंचावरनं ती खाली बघते, तर बुबुळं ठेवली कुठं असतील रे? जरा चुकली तर लोकांच्या डोक्यावरनंच बघंल ती.” निलेशने मोबाईलवर फोटो दाखवायला घेतला तर तिने त्याचा हात बाजूला केला. फोटोत नको, समोर जाऊन बघीन, म्हणाली.

मंदिराच्या पायऱ्या खालच्या बाजारातूनच सुरू होत होत्या. दोन्ही बाजूंना टोप्या, माळा, छत्र्यांची दुकानं. मग कासवांचं तळं, मग एक अंगण, त्याच्यावर दुसरं, लाल कंदिलांच्या रांगा, उसासारख्या जाड उदबत्त्या. ताईचे गुडघे बोलत होते तरी ती प्रत्येक बुद्धापुढे थांबून हात जोडत होती. एका दालनात पोट सुटलेला, खो खो हसणारा बुद्ध होता. ताई त्याच्याकडे बघतच राहिली. “सुध्या, पोट तर आपल्याच कारखान्यातलं हाय,” म्हणाली. तिचा पोटाकडे गेलेला हात बघून शेजारच्या अनोळखी बायका हसल्या. मी हसलो नाही. प्रवासाचा आठवा-नववा दिवस असेल, दोघांच्या पिशव्या माझ्या खांद्यावर, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. आणि खरं सांगायचं तर, इतके दिवस तिला हात धरून चढवण्याचा, उतरवण्याचा, तिच्यासाठी वरणभात शोधण्याचा मला कंटाळा आला होता.

शेवटच्या टप्प्याला उतारावरून सरकत जाणारी लिफ्ट होती. खालच्या अंगणातून मूर्ती दिसत नव्हती, फक्त तिच्यावरचं छप्पर आणि खांब. ताईला एका बाकावर बसवलं आणि लिफ्टची चौकशी करून येतो म्हणून मी पुढे गेलो. रांग दूरवर गेली होती. मी रांगेत उभाही राहिलो नाही. एका दुकानाच्या मागे सावली होती, तिथे शहाळं पीत बसलो. गर्दी आहे असं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग उभं राहू की. म्हणून जिच्यावर ती वाद घालणार नाही अशी थाप मी शोधली… आणि परत येऊन म्हणालो, “ताई, काम चाललंय वर. मूर्तीच्या तोंडावर कापड टाकलंय.”

तिचा चेहरा क्षणभर पडला. मग तिने पदराने घाम पुसला. “व्हय? म्हणजे आखणी ऱ्हायली असंल. मग नको. झाकलेल्या तोंडाचं बघू नये.” छपराच्या दिशेने हात जोडले आणि उठली. ती असंच करणार हे मला माहीत होतं. म्हणूनच तर कापड म्हणालो. चाळीस वर्षं जो नियम तिने पाळला, तोच मी तिच्याविरुद्ध वापरला. शहाळं प्यायलेल्या माणसाला एवढं सुचलं.

पुढे दरवर्षी कारखान्यातली शेवटची आखणी झाली की तिचा फोन यायचा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारायची, “सुध्या, झालं असंल काय रे त्यांचं काम?” मी म्हणायचो, “नाय गो अजून. एवढी मोठी मूर्ती, वेळ लागतोच.” ती म्हणायची, “झालं की सांग. आपण दोघं जाऊ.” यंदा तिला पेणच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा भेटायला गेलो, तर नळ्या लावलेल्या हाताने तिने मला जवळ बोलावलं आणि तेच विचारलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, “नाय अजून, ताई.” ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग “ऱ्हाऊ दे,” म्हणाली आणि कुशीवर वळली. ती आमची शेवटची भेट.

परवा निलेशला सगळं सांगायचं ठरवून रामवाडीला गेलो. सीझन तोंडावर आलेला, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. निलेशची बायको स्वाती आखणीला बसली होती. मी उंबऱ्यावरच बसलो आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं… रांग, शहाळं, कापड. निलेश मुकुट पुसत ऐकत होता. मान वर न करता म्हणाला, “मामा, मला माहीत हाय. तुम्ही तिकडनं परत आलात त्याच आठवड्यात मोबाईलवर बघितलं. लोकांनी त्याच दिवसाचे फोटो टाकले होते. तोंड उघडं होतं.”

“ताईला सांगितलंस?”

“सांगितलं ना. म्हणाली, दमला असंल तो. त्याला विचारू नको, त्याचा तो सांगंल.”

म्हणजे दर वर्षी ती मूर्तीचं विचारतच नव्हती. माझ्यासमोर दार उघडून उभी राहत होती, आणि मी दर वर्षी ते बाहेरून लावून घेत होतो. दवाखान्यातसुद्धा. निलेश म्हणाला, “मी म्हटलं होतं, मी नेतो तुला. तर म्हणे, नको. सुध्यासंगंच जाईन.” त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात स्वातीची आखणी झाली. ताईची एक रीत होती. डोळे रेखून झाले की ती मूर्ती लगेच दाराकडे वळवायची. पहिल्यांदाच डोळे उघडल्यावर माझं घामेजलेलं तोंड कशाला बघंल, उजेड बघू दे, असं म्हणायची. स्वातीने ब्रश ठेवला, दोन्ही हातांनी पाट धरला आणि मूर्ती हलकेच दाराकडे फिरवली. दारात मी बसलो होतो. मी उंबऱ्यावरून उठलो आणि बाजूला झालो.