पाटलांचा कोट

मेहरूणच्या तळ्याकाठी बसून मी पुणं पाहिलं ते प्रत्यक्ष पुण्याला जाण्याच्या फार आधी. मॅट्रिकचं वर्ष होतं. शाळेसाठी मी मावशीकडे राहायचो, तिचं घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. दुपारी पुस्तक मांडीवर उघडं टाकून मी पाण्याकडे बघत राहायचो. उन्हानं पाणी थरथरायचं, पलीकडचा काठ वितळून जायचा आणि त्या जागी दगडी कमानींचं एक गार कॉलेज उभं राहायचं. त्याच्या जिन्यावरून मी स्वच्छ धोतर नेसून चढतोय, असं मला रोज दिसायचं. बीजगणित तेवढं राहून जायचं. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात त्या विषयाखाली तांबड्या शाईची रेघ आली तेव्हा मावशी म्हणाली, तळं तुला पास करणार नाही. मावशी कमी बोलायची, पण बोलली की वर्मी लागायचं.

पुढं मी झटून अभ्यास केला. जूनच्या सुरुवातीला निकाल लागला आणि शाळेत माझा नंबर दुसरा आला. पण नुसत्या मार्कांवर पुणं दिसणार नव्हतं. शाळेत मला फी माफ होती, त्याला नादारी म्हणत. कॉलेजातही नादारी आणि बोर्डिंगात जागा मिळाली तरच मी जाऊ शकत होतो आणि दोन्हींसाठी हेडमास्तरांचं शिफारसपत्र लागत होतं. हेडमास्तर त्याच वर्षी बदलून आलेले. मी तलाठ्याचा दाखला पुढे केला तर त्यांनी तो वाचलासुद्धा नाही. तलाठी काय, मागेल त्याला गरीब करतो, म्हणाले. पालकांना घेऊन ये, मी डोळ्यांनी पाहीन आणि मग लिहीन.

माझे वडील, आबा, यावलजवळ एका केळीच्या बागेत सालदार होते. वर्षभराच्या करारावर राबायचं, मालक देईल त्यात भागवायचं. मूळचे धुळ्याकडचे, म्हणून बोली शेवटपर्यंत अहिराणीच राहिली. केळीचा चीक कपड्याला लागला की त्याचा तपकिरी डाग पडतो आणि तो कपडा फाटेपर्यंत जात नाही. आबांच्या बंडीवर डाग नाही अशी चार बोटं जागा नव्हती. आदल्या वर्षी ते त्याच बंडीत शाळेच्या फाटकाशी मला भाकरी द्यायला आले होते. वर्गातल्या एकानं विचारलं, हा तुमचा गडी का रे? मी काही बोललो नाही. हो म्हणालो नाही, एवढंच काय ते माझं पुण्य. मला अजून त्याची लाज वाटते.

त्या लाजेपोटीच मी कार्ड लिहिलं की हेडमास्तरांनी बोलावलंय, चांगले कपडे घालून या. न लिहितो तर बरं होतं. पण आबांना त्यात वावगं काही वाटलं नाही. मोठ्या माणसाच्या दारी मळक्या कपड्यानं जाऊ नये, रिकाम्या हातानं तर नाहीच, ही त्यांची समजूत माझ्या कार्डाच्या कितीतरी आधीची.

ते आले भुसावळहून गाडीनं, बंडीतच. कोट चुरगळू नये म्हणून गाठोड्यात बांधून आणला होता. तो गावच्या पाटलांचा. जरीकाठी पागोटं मारवाडी दुकानदाराचं. मावशीच्या घरी त्यांनी बंडी खुंटीला टांगली, कोट चढवला आणि खांद्यावर केळीचा घड घेतला. त्या उन्हात काळा बंद गळ्याचा कोट. घाम कानामागून ओघळत होता, पण चाल बदलली होती. तळ्याच्या कडेनं आम्ही निघालो तेव्हा पाण्यातसुद्धा आबा मला पाटील दिसले. मी त्यांच्या बरोबरीनं चाललो, मागं नाही. शाळेच्या फाटकाशी वर्गातली मुलं असावीत असं फार वाटत होतं, पण शाळेला सुट्टी होती.

हेडमास्तर खुर्चीतून उठले. "या, पाटील, बसा," म्हणाले. मग त्यांनी घडाकडे पाहिलं, कोटाच्या चांदीच्या बटणांकडे पाहिलं आणि बाग कोणाची ते विचारलं. आबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं, मला ठाऊक नाही. बहुधा ते कार्डच दिसलं असावं.

"बठ्ठा बाग आपलाच शे, सायेब," आबा म्हणाले.

हेडमास्तरांनी घड परत उचलून दिला आणि म्हणाले, नादारी ज्याला खरी गरज त्याच्यासाठी असते. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि नादारी हा शब्द तोवर कधी न ऐकलेल्या आबांना ते कळलंच नाही. साहेबांनी आपल्याला खुर्ची दिली याच आनंदात ते थेट स्टेशनवर गेले, कारण गाडीची वेळ झाली होती. बंडी मावशीच्या खुंटीलाच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती बंडी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि एकटाच गेलो. हेडमास्तरांच्या टेबलावर पसरली. त्यांनी एका डागावरून बोट फिरवलं आणि हे कसले, असं विचारलं.

"केळीच्या चिकाचे. आबांचे कपडे हे आहेत. कालचा कोट पाटलांचा होता, आणि तो घालायला मी सांगितलं होतं."

मग त्यांनी बंडी स्वतः घडी घालून मला परत दिली आणि दौत पुढे ओढली.

पुण्याला निघण्याआधी मी गावी गेलो. आबा बागेतून आले, हात धुतले आणि ते इंग्रजी पत्र दोन्ही हातांत धरून उलटसुलट पाहिलं.

"मनाबारामा काय लिखेल शे?"

पत्रात त्यांच्याबद्दल लिहिलं होतं की मुलाचे वडील अत्यंत गरीब मजूर आहेत आणि त्यांची स्थिती मी स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे. मी वाचून दाखवलं ते असं: मुलाचे वडील भले गृहस्थ आहेत, मी स्वतः त्यांना भेटलो, अशा माणसाच्या मुलाला जागा द्यावी.

आबांचा चेहरा उजळला. "दख, कोट कामले उना," म्हणाले, आणि कोट कामी आला हे पाटलांना सांगायला तसेच अनवाणी गेले.

कॉलेजच्या दगडी कमानी खऱ्याच गार होत्या. जिना मी पाहिला होता तसाच निघाला, फक्त थोडा अरुंद. सुट्टीत घरी आलो की आबा नवं काही सांगत. एकदा म्हणाले, आता गावातली दोन पोरं शाळेत नादारी मागायला जायची आहेत, त्यांच्या बापांना मी आधी पाटलांकडे कोट मागायला धाडलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण ते माझ्याकडे इतक्या अभिमानानं बघत होते की मी ते मिटलं. त्या पोरांचं पुढं काय झालं, हे विचारायचा धीर मला कधीच झाला नाही.