सदैव संध्याकाळ

फिकट गुलाबी, कडांना किंचित जांभळट, मावळतीच्या क्षणी थबकलेलं आभाळ, आणि तेही छताला! आयर्लंडमधल्या मलिंगार गावाबाहेरच्या त्या हॉटेलात शिरताच माझी मान आपोआप वर गेली. भिंतींवर व्हेनिसचे सज्जे नि कमानी, मधोमध कोरडा पडलेला चिमुकला कालवा. एके काळी इथे सभासदांसाठी जुगाराचं दालन होतं. २०२१च्या वसंतात तिथे लस टोचत होते.

मी आईला घेऊन गेले होते. आदल्या वर्षी ती नागपूरहून थोड्या दिवसांसाठी म्हणून आली, विमानं थांबली आणि इथेच अडकली. त्याच उन्हाळ्यात तिकडे बाबा गेले. तिने त्यांची चिता मोबाइलच्या पडद्यावर पाहिली, आणि त्यानंतर बाबांचा विषय काढला नाही. मौनालाही वजन असतं का? आमच्या घरात ते होतं, आणि मीही ते उचलायला धजले नव्हते.

लस घेतल्यावर थोडा वेळ बसायचं होतं. आई वर पाहत राहिली. अंतर राखून बसलेल्या शेजारच्या वृद्ध आयरिश बाई आपणहून सांगू लागल्या. त्या इथे पत्ते वाटायच्या. मालक तरुणपणी व्हेनिसला जाऊन आला आणि या तळ्यांच्या, धुक्याच्या मुलखात त्याने ते शहर वसवायचं ठरवलं. दालनाला खिडकी नको, घड्याळ नको. खेळणाऱ्याला सदैव वाटावं, संध्याकाळ आत्ताच तर सुरू झाली आहे. काळाला भुलवण्याचा केवढा हा हट्ट! ते आभाळ त्यांच्या नवऱ्याने परांचीवर उताणं पडून रंगवलं. केसांत गुलाबी थेंब घेऊन तो खाली उतरायचा. पुढे मंदी आली, खेळणारे पांगले, कालवा आटला. गेल्या हिवाळ्यात नवरा इस्पितळातच गेला. शेवटी त्यांना भेटू दिलं नाही.

मी हे आईला मराठीत सांगत होते. अखेरचं वाक्यही सांगितलं. आईने छतावरची नजर खाली आणली आणि म्हणाली, "त्यांना सांग, माझेही गेले. मलाही जाता आलं नाही."

मी सांगितलं. दोघी मास्कआडून एकमेकींकडे पाहत राहिल्या. वेळ झाल्याचं सांगायला आलेली मुलगी तशीच पुढच्या रांगेकडे वळली.

गाडीत बसल्यावर आई सांगू लागली, बाबांना रंगाचा वास मुळीच सहन होत नसे. घर रंगवायला काढलं की ते अंथरूण उचलून गच्चीवर जायचे. आमच्या घराचं वळण आलं. आई बोलतच होती. मी गाडी सरळ जाऊ दिली.