डुप्लिकेट जावयाची पिन

सासुरवाडीत माझं नाव 'डुप्लिकेट जावई' पडलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच धोंड्याच्या महिन्यात. पुढं दर तीन वर्षांनी अधिक महिना यायचा, जेवायचं बोलावणं यायचं आणि पुरणाच्या धोंड्यांबरोबर तो किस्साही ताटात पडायचा. मला भयंकर राग यायचा. कारण मी सणसवाडीच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. हा पार्ट पास, हा रिजेक्ट, एवढंच दिवसभराचं काम. शिरूर तालुक्यात डुप्लिकेट माल लांबून ओळखणारा मी, सासऱ्यांच्या दौंड तालुक्यात उतरलो की स्वतःच डुप्लिकेट व्हायचो.

सासरे, म्हणजे आबा, भीमेच्या काठावर राहायचे. नदीला तिथं पूल नव्हता, तेव्हा आबांची नाव माणसं, शेरडं, सायकली पलीकडं पोचवायची. नावेच्या मागं एक विलायती मशीन टांगलेलं होतं. वर इंजन, खाली पाण्यात फिरणारा पंखा. कुठल्याशा लिलावात आबांनी ते घेतलं होतं आणि त्याचा त्यांना मुलीपेक्षा जास्त अभिमान होता. "वरिजनल हाय," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आता आमच्या भागात या शब्दाचा अर्थ एकच. मोडत नाही ते वरिजनल. मोडलं की डुप्लिकेट, मग ते खुद्द कंपनीच्या मालकानं हातानं घडवलेलं का असेना.

तो पंखा दांड्याला एका छोट्या आडव्या पिनेनं अडकवलेला असतो. लग्नात काठावरच्या नावेकडं नजर गेली तेव्हा तिथं पिनेऐवजी खिळ्याचा तुकडा दिसला. मांडवातसुद्धा माझ्यातला क्वालिटीवाला गप्प बसेना. पुण्याच्या जुन्या बाजारात चार रविवार फिरून मी पितळेची पिन मिळवली. दुकानदारानं नीट समजावलं, की ही पिन मोडायलाच असते. पंखा कशावर आदळला की ती तुटते आणि आतलं गियर वाचतं. धोंड्यात जावयाला काहीतरी द्यायचं असतं. मी शहाणा उलटा घेऊन गेलो.

पिन बसवली आणि जेवणाआधी एक फेरी मारायची ठरली. आबा, मी आणि गावातली चार वजनदार मंडळी. नदीच्या मध्यावर पाण्याखालच्या बाभळीच्या खोडावर पंखा आदळला. टक्क आवाज झाला, मशीन दुप्पट जोरानं बोंबलायला लागलं आणि नाव मात्र धारेबरोबर खाली निघाली.

"काय झालं वो पाव्हणं?" आबा ओरडले.

"पिन मोडली! मोडायलाच असते ती!"

"मोडायलाच असती म्हनं!" एक जण म्हणाला, आणि बुडायची भीती विसरून सगळी नाव हसली. आम्ही लागलो ते थेट खालच्या गावाच्या स्मशानापाशी. तिथून काट्याकुट्यातून चालत घरी पोचेपर्यंत धोंडे गार झाले होते आणि माझं बारसं उरकलं होतं.

आबांनी तुटलेल्या पिनेचा तुकडा तंबाखूच्या डबीत पुरावा म्हणून जपून ठेवला आणि तिच्या जागी नांगराच्या बोल्टाचा तुकडा घासून ठोकला. तो कधीच मोडला नाही. पुढच्या खोडावर आतलं गियर मोडलं. मग दौंडच्या लेथवाल्यानं नवं केलं. त्याच्या पुढच्या खोडावर दांडा वाकला, मग पंखा गेला. एकेक करत सगळं मशीन बदललं, पण बोल्ट शाबूत. "बगा, पिन कशी हाय!" आबा सांगायचे. "पयली मोडतोड जावयानं केली, तवापास्नं साडेसातीच लागली."

पुढं पूल झाला आणि मशीन गोठ्यात गेलं. आणि चौथ्या धोंड्याला पुण्याचे एक गृहस्थ आले. त्यांना असली जुनी मशीनं जमवायचा नाद होता, मात्र पार्ट ओरिजनल हवेत. आबांनी मुद्दाम माझ्या जेवणाचाच दिवस त्यांना दिला. "समद्यांच्या देखत निकाल लागू दे," ते म्हणाले. खरं सांगतो, मी घाबरलो. इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं होतं, की जुन्या बाजारात आपल्याला कुणीतरी गंडवलं असावं.

गृहस्थांनी एक चित्रांचं पुस्तक उघडलं आणि खिशातून लोहचुंबक काढलं. "हा पंखा पितळेचा असतो," म्हणाले. चुंबक टक्कन चिकटलं. "आणि याला पाती दोनच असतात."

"कंपनीनं दोनच दिली व्हती," आबा खुशीत म्हणाले. "आपन तिसरं बशीवलं."

गृहस्थांनी क्षणभर डोळे मिटले. मग झाकणाचा लाल रंग ट्रॅक्टरचा निघाला, मूठ स्कूटरची, टाकीचं टोपण लोणच्याच्या बरणीचं. शेवटी त्यांनी नंबराची पट्टी शोधली. पट्टी होती, आरशासारखी लख्ख होती, पण नंबर नव्हता. आबा दर खंडेनवमीला पूजेआधी ती राखेनं घासत आले होते.

"मग ह्यात कंपनीचं राह्यलं काय?" आबांनी विचारलं. आवाज पडला होता. इतकी वर्षं मी ज्या दिवसाची वाट पाहिली तो आला होता, आणि मला चक्क वाईट वाटत होतं.

आबांनाच ते सोसेना. त्यांनी कोपरीच्या खिशातून डबी काढली. "आन् ही बगा, ह्या समद्यांत मोठी डुप्लिकेट! आमच्या जावयाची!" लोक हसायला तयारच होते. गृहस्थांनी तुकडा चुंबकाला लावला. चिकटला नाही. त्यांनी तो मोजला, पुस्तकात बघितलं, परत मोजला.

"ही ओरिजनल आहे," ते म्हणाले. "कंपनीची. एवढीच."

"आवो, पर मोडली की ती!"

"मोडायलाच असते ती. म्हणजे गियर वाचतं."

दारात तुपाचं भांडं घेऊन उभी असलेली माझी बायको तशीच थांबली. कुणीच हसलं नाही. आबांनी तुकडा परत हातात घेतला.

"तवाच का न्हाई सांगितलं, पाव्हणं?"

"सांगितलं होतं, आबा."

"मोठ्यानं सांगायचं. मशीन बोंबलत व्हतं."

गृहस्थ पुस्तक मिटत म्हणाले, की मशीन काही त्यांच्या कामाचं नाही, पण तो तुकडा मिळाला तर बरं होईल. आबांनी तुकडा डबीत टाकला, झाकण दाबलं आणि डबी खिशात घातली.

"मशीन न्या पायजे तर, फुकट न्या. ही न्हाई द्यायची," ते म्हणाले. "ही आमच्या जावयानं आनलीया."

मशीन बंद होतं, तरी हे मात्र ते मोठ्यानं म्हणाले.