अस्तरवाले डॉक्टर

माणसाला बरं करायचं तर आधी त्याला हादरवलंच पाहिजे, असं व्रत घेतलेला आमच्या तळेगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांसारखा दुसरा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात झाला नसेल. झाला असेल, तर त्या गावची माणसं माझ्यापेक्षा घट्ट काळजाची असली पाहिजेत. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. डॉक्टर मूळचे वडनेरकडच्या शेतकऱ्याघरचे. मोठ्या शहरात शिकून आले तरी जीभ गावचीच ठेवून आलेले. नमस्काराला हात पुढे केला की ते मनगट धरत आणि डोळे मिटून नाडी ऐकत बसत. एका लग्नात त्यांनी वरबापाचा हात असा धरला, की मंगलाष्टकं संपली, पंगत बसली, तरी वरबाप मोकळा होईना; मुलीकडच्यांना वाटलं, मानपानावरून काही बिनसलं. आणि गरज नसली तर ते सुई देत नसत. आमच्याकडे सुई न देणारा डॉक्टर म्हणजे दवाखान्यात चुकून शिरलेला पाहुणा. एका म्हातारीनं दंड उघडा करून पुढे केला, तर हे म्हणाले की आजी, तुमच्या नसा चांगल्या आहेत, त्यांना उगाच टोचून कशाला दुखवायचं. म्हातारी इतकी दचकली, की दुसऱ्याच दिवशी एसटीनं आष्टीला जाऊन दोन्ही दंडांत टोचून घेऊन आली.

पण खरा हादरा बाजाराच्या दिवशी बसायचा. कांदा-लसूणही न खाणारा हा माणूस खाटकाच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभा राही. बोकडाची काळजाजवळची ती जाड नस, जी खाटीक कुत्र्यापुढे टाकी, ती हे मागून घेत, कात्रीनं उभी चिरत, धूत, आणि दिसेल त्या शहाण्या माणसाला आतून बोट फिरवायला लावत. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळे गावातला पहिला शहाणा मीच. बोट फिरवलं. रेशमासारखं लागलं. रक्तवाहिन्या म्हणजे शरीरातल्या नळ्या, हे मी कित्येक वर्षं पोरांकडून घोकून घेत आलो होतो. तसं सांगितलं तर डॉक्टरांना मी त्यांच्या आईला नळी म्हटल्यासारखं झालं.

"नळी नोका म्हणू गुरुजी," ते म्हणाले. "आतून अस्तर हाये तिले. कोटाचं अस्तर मुकाट राह्यते, हे काम करून राह्यलं. याच्यातून काईतरी पाझरते, त्याच्यानं नस सैल राह्यते, रक्तातल्या पेशी तिले चिकटत नाईत, सूज येत नाई. आपलं शरीर सोताच औषध करते."

त्या औषधाचं नाव काय, असं विचारलं तर म्हणाले, एकाला शास्त्रज्ञांनी नाव दिलंय, दुसरं आहे एवढंच कळलंय, नाव अजून ठेवायचंय. आमच्या बायकोनं हे ऐकलं आणि त्या दिवसापासून घरात त्याचं नाव 'बिनबारशाचं औषध' पडलं.

पुढे माझ्याच डाव्या पायानं दगा दिला. शाळेतून घरी येताना पोटरी अशी दुखायची की वाटेत थांबून मी उगाचच लोकांच्या कुंपणावरचे वेल न्याहाळायचो. करंगळी आधी निळी पडली, मग काळी. बिड्यांचं बंडल माझ्या खिशात खडूच्या शेजारी असायचं आणि दोन्ही सारख्याच वेगानं संपायची. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं, करंगळी तर काढावीच लागेल; महिन्याभरानं या, पाय गुडघ्याखाली ठेवायचा की नाही ते तेव्हा ठरवू. इकडे हिनं आमच्या डॉक्टरांपुढे पदर पसरला. "भाऊ, यायले एखादी भारी सुई देऊन द्या न."

"भारी औषध यायच्या नसेतच हाये, वयनी. हे धुरानं त्याचा गळा दाबून राह्यले. बिडी आजपासून बंद, मंग पाय माह्याकडे लागला."

मी त्याच दिवशी बिडी सोडली. शपथेवर सांगतो, परत ओठाला लावली नाही. पण महिना सरत आला तरी पाय जास्तच ठणकू लागला. डॉक्टरांनी तपासलं, मी चोरून ओढत असेन म्हणून बोटं हुंगली, हिला बाजूला घेऊन विचारलं. ही म्हणाली, देवाशप्पथ नाही ओढली. तेव्हा ते स्टुलावर बसले ते बसलेच. गावाला हादरवणारा माणूस स्वतः हादरलेला मी पहिल्यांदा पाहत होतो.

"म्हंजे माह्यंच चुकलं," ते हळूच म्हणाले. "नवीन नवीन वाचलं अन् तुमच्या पायावर लावून पाह्यलं. उद्याच वर्ध्याले जा गुरुजी, ते म्हनतीन तसं करा."

मला त्यांची इतकी कीव आली, की धीर द्यावा म्हणून मी खिशातली प्लास्टिकची पन्नी काढली, तळहातावर नीट घोटली आणि पुढे केली. बिडी सोडल्यापासून याच्यावरच तर दिवस काढत होतो. म्हटलं, "घ्या साहेब, थोडा खर्रा घ्या. याच्यात धूर नाई."

डॉक्टरांनी पन्नीतल्या सुपारी-तंबाखूकडे पाहिलं, माझ्या लाल तोंडाकडे पाहिलं, आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. ते नेमकं काय करताहेत हे आम्हां नवराबायकोला कळेना. मग म्हणाले, "तंबाखू दारातून आली काय अन् खिडकीतून आली काय, त्या अस्तराले एकच. ते बिचारं पाझरायले पाहून राह्यलं, अन् विज्ञानाचे मास्तर त्याच्यावर थुकून राह्यले."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्यासोबत एसटीनं वर्ध्याला आले आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांपुढे हात जोडून थोडी मुदत मागून घेतली. खर्राही सुटला. तो सुटताना मी घरात कोणाकोणावर भांडी फेकली ते सांगत नाही. करंगळी गेली. पाय राहिला.

आणि मग डॉक्टरांची बदली झाली. त्यांची पेटी उचलून मी स्टँडपर्यंत गेलो. वाटेत काही बोलायचं ठरवलं होतं. पण ते मुद्दाम माझ्या मागून चालत होते आणि माझ्या तोंडाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. गाडीत बसल्यावर खिडकीतून वाकून म्हणाले, "गुरुजी, जरा चालून दाखवा."

भर स्टँडवर, पोरीबाळींसमोर, मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. परत आलो. ते खाली पायाकडे पाहत होते, सकाळी दूध उतू जाऊ नये म्हणून माणूस पाहतो तसे. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, वळली, नागपूरच्या रस्त्याला लागली. ती दिसेनाशी झाली तरी मी चालतच होतो.