अप्पाचा आठ

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चकलांब्याला एका लग्नात होतो. माझा नेकनूरला फोटो स्टुडिओ आहे, लग्नं काढण्यातच जन्म गेला. अप्पाचा मेव्हणा फोनवर सांगत होता, सकाळी छातीत कळ आली, अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं, पण हाती लागले नाहीत. मी "बरं" म्हणालो. मग फोन खिशात टाकला आणि हार, सप्तपदी, आहेर, पंगत, सगळं रीतसर काढलं. परवा ते फोटो पाहत बसलो होतो. एकही हललेला नाही. माझी मलाच लाज वाटली… पण लाज तेवढी वाटली, रडू काही आलं नाही.

काशिनाथअप्पा माझा पहिलीपासूनचा वर्गमित्र. गावात त्याचं भांड्यांचं दुकान. पन्नाशीत त्यानं माझ्याकडून एक जुना कॅमेरा घेतला, तेव्हा मला वाटलं, नातवंडांचे फोटो काढील. हा पठ्ठ्या सूर्याचे काढायला लागला. पुण्याहून सूर्य बघायची काळी फिल्म मागवली, स्टीलच्या डब्याचं झाकण मधोमध कापून त्यात बसवली आणि ते झाकण लेन्सवर घातलं. सूर्यावरचे डाग गिऱ्हाइकांना मोबाइलवर दाखवायचा. ताटल्या घ्यायला आलेली बाई डाग बघून जायची, ताटल्या राहायच्या. कुणी चेष्टेनं विचारलं, "अप्पा, सूर्य काय पळून चाललाय का, रोज त्याच्या मागं?" तर म्हणायचा, "पळत न्हाई, पर जाग्यावर बी बसत न्हाई."

ते जाग्यावर न बसणंच त्याला पकडायचं होतं. एकाच जागेवरून, कॅमेरा जराही न हलवता, दर आठवड्याला घड्याळाच्या त्याच मिनिटाला सूर्याचा फोटो घ्यायचा. असं वर्षभर करून सगळे फोटो एकावर एक ठेवले की आभाळात सूर्यांचा तिरपा आठ उमटतो. जगात पुष्कळांनी काढलाय. अप्पाला तो आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीवर हवा होता. दुकानाच्या गच्चीत त्यानं लोखंडी पाइप सिमेंटनं पक्का केला, वर कॅमेऱ्यासाठी पट्टी नटानं आवळली. वार गुरुवार, वेळ सकाळी नऊ. ढग असले तर शुक्रवारी.

अकरा महिने निभावलं. मग एका गुरुवारी त्याला लेकीकडं जावं लागलं आणि गच्चीची किल्ली माझ्याकडं आली. वर जाऊन बघतो तर सूर्य चौकटीत पार एका कोपऱ्याला. मी ठरलो लग्नाचा फोटोग्राफर. नवरदेव कोपऱ्यात ठेवून कसं चालेल? खालून पाना आणला, नट ढिला केला, सूर्य नीट मधोमध घेतला, नट पुन्हा आवळला आणि फोटो काढला. वर त्याला फोन करून सांगितलं, "तुझा कॅमेरा वाकडा झालता बे, सरळ केलाय."

तो पलीकडून "बरं केलंस," एवढंच म्हणाला. परत आल्यावर त्यानं ती पट्टी पुन्हा पहिल्यासारखी लावायचा चार दिवस प्रयत्न केला. जमलं नाही. आठ दिवस स्टुडिओकडं फिरकला नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. नवव्या दिवशी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "सूर्याचं काय, त्यो पुन्हा येतोय की." त्याच गुरुवारी पहिल्यापासून सुरुवात केली. आणि त्या वर्षीही बाहेरगावी जायची वेळ आली की किल्ली माझ्याच हातात द्यायचा. माझ्याच. हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

तो गेला बुधवारी. आठ पुरा व्हायला चार गुरुवार राहिले होते, आणि दुसऱ्या दिवशी पहिला. गुरुवारी सकाळी लिंगायतांच्या रीतीनं त्याला दारात बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. गाव लोटलं होतं. मी भिंतीला टेकून उभा. सारखं घड्याळाकडं लक्ष जात होतं, पण अशा वेळी जिना चढायचा कसा? तेवढ्यात बायकांतून शोभावहिनींनी मान वर केली. अप्पाची बायको. आवाज बसलेला. "भावजी, नवाला पाच कमी हायेत. जावा."

मी गेलो. खाली टाळ वाजत होते. सूर्य कोपऱ्यात होता, जिथं असायला हवा तिथंच. हात फक्त बटणाला लावला. खाली आलो तेव्हा अप्पाला उचलायची तयारी झाली होती. मी खांदा दिला. डोळे तेव्हाही कोरडेच.

पुढचे तिन्ही गुरुवार जमले. मग सगळे सूर्य जोडून, मोठा फोटो काढून, काचेत बसवून वहिनींना नेऊन दिला, गच्चीची किल्लीही समोर ठेवली. टाकीच्या वर अप्पाचा आठ, तिरपा, हवा तसा. वहिनींनी तो मांडीवर घेतला. पदरानं काच पुसली. पुष्कळ वेळ बघून म्हणाल्या, "झालं म्हणायचं. मग आता गुरुवारी येणार न्हाईत तुमी."

मी फोटोकडं बघितलं. आठाच्या वरच्या वेटोळ्यात एका बाजूला फट होती. गेल्या पावसाळ्यात ढगांनी तीन-चार आठवडे खाल्ले होते, शुक्रवारसुद्धा.

"न्हाई कसं, वैनी," मी म्हणालो. "पावसाळ्यातले राहिलेत की."

वहिनींनी किल्ली उचलून माझ्यापुढं सरकवली.

सूर्य त्या फटीपर्यंत पोचायला अजून अवकाश आहे. तरी मी गुरुवारी जातो. कॅमेरा नेत नाही. नऊ वाजेपर्यंत गच्चीत उभा राहतो, मग खाली येतो.